काजलचा चौथा नंबर

मला कोरोना झालाय हे सगळ्यांत आधी कळलं ते पेट्रोल पंपाच्या मॅनेजरला. डॉक्टरला नाही, बायकोला नाही, मला तर नाहीच. मी त्याच्याशी भांडायला गेलो होतो.

घुग्घुसला माझं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराला लागून पत्र्याची शेड. गिऱ्हाईक बहुतेक खाणीतले आणि सिमेंट कारखान्यातले, पाळी सुटली की येणारे. त्यांच्या गाडीचा एअर फिल्टर झटकला की मूठभर काळी धूळ निघते. लोक मला मिस्त्री म्हणतात. स्वभावाने मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना आश्चर्य वाटायचं नाही.

माझी मुलगी काजल मोटारसायकलच्या शर्यतींत उतरते. रस्त्यावर पोरं धूम ठोकतात तसल्या नाही. चेन्नईकडच्या ट्रॅकवर देशभरातल्या मुली येतात, तसल्या खऱ्या शर्यती. तिची गाडी मीच बांधलेली आणि तिचं सगळं सेटिंग माझंच. आणि सेटिंग मी करतो ते कानाने आणि नाकाने. सायलेन्सरच्या धुराचा वास घेतला की पेट्रोल जास्त जातंय की हवा, ते मला लगेच कळतं. आचाऱ्याला वाफेवरून भाजीचं मीठ कळावं तसंच ते. या नाकाची मला घमेंडही होती, खोटं कशाला बोलू.

त्या वर्षी लॉकडाऊनने सगळ्या सीझनचा चुथडा केला होता. एरवी पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत पाच फेऱ्या व्हायच्या. त्या वर्षी दिवाळीपर्यंत एकही झाली नाही, आणि नंतर तीनच ठरल्या. पहिल्या दोन एकाच शनिवार-रविवारी उरकल्या. काजल गुणांत दुसरी होती. कोइम्बतूरच्या एका टीमवाल्याने तिला स्वतः सांगितलं होतं की शेवटच्या फेरीनंतर पहिल्या तिघींत राहिलीस तर पुढच्या वर्षी आमची गाडी तुझी. शेवटच्या फेरीला तीन आठवडे होते. आमच्या घरात दुसरा विषयच नव्हता.

तर त्या दिवशी दुपारी मी कॅनमधलं पेट्रोल गाडीत ओतलं आणि वासच आला नाही. कॅनला नाक लावलं. पाणी हुंगावं तसं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पंपवाल्यांनी मिलावट केली. माझ्या पोरीच्या गाडीत मिलावटीचं पेट्रोल! तसाच कॅन घेऊन पंपावर गेलो आणि आठ-दहा गिऱ्हाइकांसमोर मॅनेजरच्या सात पिढ्या काढल्या. तो बिचारा शांत माणूस. त्याने फिल्टर पेपरवर दोन थेंब टाकून दाखवले, डाग न पडता उडून गेले. म्हणजे पेट्रोल शुद्ध. मी ऐकतोय कशाला! मी कॅन त्याच्या नाकाखाली धरला आणि म्हटलं, घे, तूच वास घे.

त्याने मास्क थोडा खाली केला, वास घेतला, आणि परत वर ओढला.

"मिस्त्री, मले तं चांगला वास येऊन राह्यला," तो म्हणाला. "तुमच्या नाकाले काय झालं?"

पंपावरची सगळी माणसं दोन-दोन पावलं मागे सरकली. मी कॅन हातात धरून तिथेच उभा राहिलो. पंपावर एरवी डोकं चढेल इतका वास असतो, आणि मला कशाचाच येत नव्हता.

खोकला तर त्याआधी चार दिवस होताच. पण घुग्घुसमध्ये खोकणाऱ्याकडे कोण बघतो? इथे सकाळी अंगणात खोकल्याचा आवाज आला नाही तर शेजारी विचारतात, बरं आहे ना.

*

तिघांचीही तपासणी झाली. मी पॉझिटिव्ह, बायको शालू पॉझिटिव्ह, काजल निगेटिव्ह. विश्वास बसेना म्हणून तिची पुन्हा केली, पुन्हा निगेटिव्ह. शालूला नुसता बारीक ताप होता. तिला मागच्या खोलीत ठेवलं, मला पुढच्या. काजल मधल्या दारातून ताटं सरकवायची आणि आम्ही दोघं दोन भिंतींच्या आडून भांडायचो. शालूचं म्हणणं, पंपावर जाऊन एवढा तमाशा केला नसता तर गावभर बोभाटा झाला नसता. माझं म्हणणं, मी गेलो म्हणून तर कळलं. पंचवीस वर्षांच्या संसारात आम्ही इतकं मोठ्याने कधी भांडलो नव्हतो, कारण मध्ये भिंत कधी नव्हती.

चौथ्या दिवशी माझं भांडण बंद पडलं. वाक्य पुरं होईना, मधेच हवा संपायची. शालू पलीकडून म्हणाली, तुम्ही उत्तर काऊन नाई देऊन राह्यले? मी दिलं नाही. मग ती रडायला लागली. माझ्या शिव्यांना जी बाई कधी घाबरली नाही, ती माझ्या गप्प बसण्याला घाबरली.

काजलने बोटाला लावायचं मशीन माझ्या बोटाला लावलं, ऑक्सिजनचा आकडा बघितला आणि मला न सांगता अँब्युलन्स बोलावली. दोन तासांत मी चंद्रपूरला कोविडच्या वॉर्डात होतो. ज्यांच्या घरात हे होईल त्यांना एवढंच सांगतो, ते मशीन घरात ठेवा आणि आजाऱ्याला विचारत बसू नका. मला विचारलं असतं तर मी "काही नाही, धूळ गेली" असंच म्हटलं असतं.

*

वॉर्डात सगळ्यांत वाईट गोष्ट म्हणजे माणसाचा चेहरा दिसत नाही. सगळे पांढऱ्या किटमध्ये. सिस्टर कोण, डॉक्टर कोण, झाडणारी बाई कोण, पाठीवर पेनाने लिहिलेल्या नावावरून ओळखायचं. नातेवाईक आत येऊ शकत नव्हते. डबा फाटकावर द्यायचा, वर नाव लिहायचं, तो आत यायचा. नाकावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे बोलणं कमी. मी बोलल्याशिवाय जगू न शकणारा माणूस. तीन दिवस नुसता छताचा पंखा बघत होतो, आणि त्याचं बेअरिंग गेलेलं होतं हेही कुणाला सांगता येईना.

भीती वाटत होती. साधी, लहान मुलासारखी भीती. समोरच्या रांगेतला एक बेड दुपारी भरलेला होता, चहाच्या वेळी रिकामा दिसला. त्या दिवशी मी उशीत तोंड घालून रडलो, हे शालूला आज हे वाचूनच कळेल.

शेजारच्या बेडवर कवडू भाऊ होते. मार्कंड्याकडचे, वैनगंगेत मासेमारी करणारे, साठीच्या पुढचे. मला हवा ओढताना बघून त्यांनी हाताने खूण केली, पालथे व्हा. डॉक्टरही तेच सांगत होते, पण मला पालथं झोपणं म्हणजे घुसमट वाटायची. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी कवडू भाऊंनी मास्क थोडा उचलला आणि दम घेत घेत बोलले.

"जाळं खाली अडकलं का आमी पान्यात जातो, मिस्त्री. खाली गेल्यावर घाई नाई करायची. घाई केली का श्वास लवकर सरते. हळूहळू वापरायचा. आपलाच हाये, कोनी घेऊन नाई जात."

मी पालथा झालो. हळूहळू वापरायला लागलो. आजवर मला कोणी काही शिकवलं आणि मी पहिल्याच खेपेला ऐकलं, असं एवढं एकदाच झालं असेल.

*

पाचव्या-सहाव्या दिवशी थोडी हुशारी आली आणि पहिली आठवण झाली ती गाडीची. शेवटच्या फेरीला बारा दिवस राहिले होते आणि सेटिंग अर्धवट पडलं होतं. काजलला फोन लावला. नाक गेलं होतं, कान होता. तिला म्हटलं, शेडमध्ये गाडी स्टँडवर लाव, चालू कर आणि फोन सायलेन्सरजवळ धर.

मग रोज दुपारी चारला आमचा हा कार्यक्रम. काजल गाडी चालू करायची, मी फोन कानाला लावून ऐकायचो. कार्बोरेटरचा स्क्रू पाव फेरा आत घे. आता बाहेर. आता पेट्रोलचं जेट बदल. एका वाक्यात दोनच शब्द जमायचे, ती बरोबर समजायची. कवडू भाऊंनी सांगितलं, आम्हालाही ऐकू द्या. मग स्पीकर लावला. अख्ख्या वॉर्डला काजलची गाडी पाठ झाली. मधल्या रांगेतले एक मास्तर होते, ते एकदा म्हणाले, आज आवाज कालच्यापेक्षा जड आहे. आणि खरंच जड होता, मी तोंडात बोट घातलं.

एक दिवस काजल म्हणाली, बाबा, मी नाई जात. यंदा राहू द्या. माझा पारा चढला. जेवढी हवा होती तेवढी सगळी खर्च करून मी तिला झापलं. पहिल्या तिघींत राहायचंय, वर्षभर घरात बसून दिवस काढले ते कशासाठी, तू इथे फाटकावर उभी राहून माझी फुफ्फुसं बरी होणार आहेत का? तू गेली नाहीस तर मी ही नळी काढून स्वतः बल्लारशा स्टेशनवर गाडी पार्सल करायला जाईन, असंही म्हटलं. खोकल्याची उबळ आली, सिस्टर धावत आली आणि तिने फोनच काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी काजलचा फोन आला. जाते म्हणाली. टाकी रिकामी करून गाडी पार्सलला दिली, स्पेशल ट्रेनचं तिकीट मिळालं, निगेटिव्ह रिपोर्ट सोबत घेतला. डबा शेजारच्या शमीम भाभी पाठवत जातील. माझा जीव भांड्यात पडला. मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं, पोरगी निघाली.

*

शनिवारी दुपारी तिचा फोन आला. ट्रॅकवरून बोलते म्हणाली. सराव बरा झाला, तिसऱ्या वळणावर मागचं चाक थोडं सरकलं, पण सांभाळलं. मी म्हटलं, गाडी ऐकव. ती एक क्षण थांबली, मग म्हणाली, बरं. स्पीकर लावला. गाडी चालू झाली.

मी वीस वर्षं त्या शेडमध्ये इंजिनं चालू करतोय. आमच्या पत्र्याला इंजिनाचा आवाज आदळला की मागून एक बारीक किणकिण येते, एका पत्र्याचा खिळा सैल आहे म्हणून. तो खिळा मी शालूला वीस वर्षं सांगतोय, उद्या ठोकतो. स्पीकरवर गाडी गरजली आणि मागून ती किणकिण आली. बाकी दुसरं एकही इंजिन नाही. शर्यतीच्या ट्रॅकवर तीस-चाळीस गाड्या असतात, दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही.

मी विचारलं, बाकीच्या गाड्या कुठे आहेत? ती म्हणाली, सगळे जेवायला गेलेत.

माझ्या डोक्यात रक्त चढलं. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडायला हवा लागते आणि ती मास्कमधून थेंब थेंब येत होती. मी हवा गोळा करेपर्यंत सिस्टरने डबा आणून ठेवला. डब्याच्या कडीला बारीक तार पिळून बसवली होती. शर्यतीच्या गाडीत ऑइलचा बोल्ट तारेने बांधावा लागतो, सैल होऊन ट्रॅकवर तेल सांडू नये म्हणून. ती तार पिळायचं काम आमच्याकडे काजलचं. ती डावखुरी, त्यामुळे तिचा पीळ उलटा पडतो. रोजचा डबा असाच यायचा आणि सिस्टर रोज कुरकुरायची की जेवण उघडायला पक्कड लागते. शमीम भाभींना हे काम येत नाही. आणि आलं तरी त्यांचा पीळ सरळ पडेल.

म्हणजे माझी पोरगी त्या क्षणी घुग्घुसहून फोन करत होती, आणि तासाभरापूर्वीच फाटकावर डबा देऊन गेली होती.

फोन अजून चालूच होता. ती म्हणत होती, बाबा, आयकू येते का? मी हातात डबा धरून बसलो होतो. राग होता, नाही असं नाही. तिचं एक वर्ष मातीत गेलं, तेही माझ्यामुळे. पण त्या रागाच्या आत दुसरंच काहीतरी दाटून आलं आणि डोळ्यांना धार लागली. कवडू भाऊ माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "ऐकू येतं बेटा. आवाज एकदम बरोबर आहे. उद्या सांभाळून चालव."

*

रविवारी तिचा फोन आला तेव्हा वॉर्डातले सगळे जे बसू शकत होते ते उठून बसले. काजलने सांगितलं, चौथी आली. ट्रॅकच्या शेवटच्या चकरेपर्यंत तिसरी होती, मग एकीने बाहेरून गाडी पुढे काढली. गुणांतही चौथी. टीमचं यंदा राहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कवडू भाऊंनी विचारलं, चौथा म्हंजे चांगला का? मी म्हटलं, लय चांगला. आणि मास्क नीट बसवण्याच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

त्यानंतर आठवड्याने मला सोडलं. कवडू भाऊ माझ्या दोन दिवस आधी घरी गेले. पुढे त्यांनी ओळखीच्या ट्रकवाल्याबरोबर सुकी मासळी पाठवली. शालू तोवर बरी झाली होती, ती नाकाला पदर लावून ओरडली की घरभर वास सुटला. मी मासळीच्या पुडक्यात तोंड घालून बसलो, कणभर वास आला नाही. ती हसत सुटली. त्या आजारानंतर आमच्या घरात कोणी पहिल्यांदा हसलं ते त्या मासळीपायी. माझं नाक आजही अर्धंच परत आलंय. काजल धूर हुंगते आणि मला सांगते, मी ऐकतो आणि तिला सांगतो. दोघं मिळून एक मिस्त्री होतो.

घरी आल्यावर दहा दिवस मी पुढच्या खोलीतून बाहेर पडलो नाही. शेडपर्यंत जायची वीस पावलं, तेवढी ताकद नव्हती. काजलने सांगितलं होतं की गाडी अजून बल्लारशाच्या पार्सल ऑफिसात अडकलीय. मी बरं म्हटलं होतं.

अकराव्या दिवशी सकाळी भिंतीला धरून धरून शेडमध्ये गेलो. काजल कोणाच्या तरी स्कूटरचा क्लच उघडून बसली होती. मला बघून तिचे हात थांबले. कोपऱ्यात ताडपत्री होती. मी ती ओढली. खाली गाडी. पुढच्या टायरला मागच्या फेरीत ट्रॅकवर चिकटलेलं रबर तसंच्या तसं, त्यावर पातळ काळी धूळ बसलेली.

ती उभी राहिली. मान खाली. मग एका दमात सगळं बोलली. सिस्टरने तिला फाटकावर सांगितलं होतं की गाडी ऐकताना तुझ्या बाबांचा आकडा वर राहतो, फोन बंद करू नकोस. तुमाले सोडून मी कुठी जाऊ, ती म्हणाली. आणि नाई जात म्हणलं तं तुमी नळी काढून उठून बसले असते. टीमवाल्याला मी फोन केला होता. तो म्हणाला, दुसरी मुलगी घेतली.

मी स्टुलावर बसलो. खूप काही बोलायचं होतं. त्या शनिवारपासून जमवून ठेवलं होतं, शिव्यांसकट. पण तिच्याकडे बघितलं आणि त्यातलं काहीच तोंडातून आलं नाही. डोळ्यांखाली काळं, हाताला ग्रीस, बारीक झालेली. मग जे आलं ते अगदीच वेगळं आलं.

मी म्हटलं, "खोटंच सांगायचं होतं तर चौथा नंबर काऊन सांगितला? पहिला सांगायचा. वॉर्डात माझी मान तरी ताठ झाली असती."

काजलने पहिल्यांदा वर बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज माझ्यासारखाच तिखट होता.

"पहिला खरा आनायचा हाये, बाबा," ती म्हणाली. "तो खोट्यात कसा वापरू?"